सदर राज्य अस्तित्वात नाही

एखादं राज्य अस्तित्वात नाही, असं लेखी द्यायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये. माझ्यावर आली, आणि तीसुद्धा दोन प्रतींत, पानोपानी सहीसकट. तुम्ही म्हणाल, नाही म्हणजे नाही, त्यात लिहायचं काय? मलाही तेच वाटत होतं. पण मी, संघपाल खरात, सव्वीस वर्षं जमीन मोजणीच्या खात्यात भूकरमापक आहे. (कार्यालय नेमकं कोणतं ते सांगत नाही. एक खुलासा देऊन झालाय, दुसरा द्यायची ताकद नाही.) आमच्याकडं जी जमीन आहे ती आहे, हे सिद्ध करता करता लोकांची हयात जाते. जी नाहीच ती नाही हे कसं सिद्ध करायचं, याचा तर आमच्याकडं छापील नमुनासुद्धा नाही.

झालं असं, की मी कादंबरी लिहितो. घाबरू नका, ऐकवणार नाही. 'काळशिळेची राणी' तिचं नाव. डोंगरात कोरलेला किल्ला, भोवती खंदक, खंदकातलं पाणी माणसासारखं बोलतं आणि सीमेपलीकडं दैत्य. राणी वज्रला आणि दैत्य यांच्यात हद्दीचा तंटा आहे. अकरा वर्षं लिहितोय, दोनशे चौदा पानं झाली आणि तंटा अजून मिटलेला नाही. आमच्या खात्याच्या मानानं हे काही फार नाही.

माझी इच्छा एवढीच होती, की जगात कुणीतरी एकानं ती पहिल्या पानापासून दोनशे चौदाव्या पानापर्यंत वाचावी. बक्षीस नको, हारतुरे नकोत, एक वाचक पाहिजे. बायको करुणा शिक्षिका आहे, तिनं सात पानं वाचली आणि म्हणाली, "छान आहे हो."

मी आशेनं विचारलं, "काय छान आहे?"

"अक्षर," ती म्हणाली, आणि शाळेच्या वह्या तपासायला बसली.

पण बाई मनाची चांगली. माझं तोंड उतरलेलं तिला बघवेना. चार दिवसांनी तिनंच कुठूनतरी मोबाईलवर एक मंच शोधून काढला. "हे घ्या. तुमच्यासारखे अजून सातशे जण आहेत. आता त्यांना ऐकवा."

मंचाचं नाव 'कल्पनालोक'. चेटकिणी, ड्रॅगन, मायावी राज्यं असलं लिहिणाऱ्यांची ऑनलाईन बिरादरी. चालवणारा ऋतुराज नावाचा कुणी पुण्याचा गृहस्थ होता. गृहस्थ की पोरगा, ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण फोटोच्या जागी घुबड होतं. बाकीच्यांची नावं तर विचारू नका. रक्तपिशाच्च_९९. निळी चेटकीण. एकटा ड्रॅगन. आता मला सांगा, रक्तपिशाच्चाला अहो म्हणायचं का अरे? आम्ही मराठवाड्याची माणसं, वयाचा अंदाज घेतल्याशिवाय तोंड उघडत नाही. शेवटी सेफ साईड म्हणून लिहिलं, 'आदरणीय रक्तपिशाच्च साहेब, सविनय जय भीम.' त्यावर उत्तर आलं, 'काका, मी बारावीला आहे. आणि मुलगी आहे.' मी तडक मोबाईल पालथा ठेवला आणि अर्धा तास गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

मंचाचा नियम असा, की आपलं एक प्रकरण टाकायचं तर आधी दुसऱ्या तिघांचं वाचून अभिप्राय द्यायचा, आणि पुढंही दर आठवड्याला तिघांना द्यायचा. हे मला एकदम पसंत पडलं. अभिप्राय देण्यातच तर जन्म गेला. मी एकट्या ड्रॅगनची कथा दोनदा वाचली आणि लिहिलं: 'वाचले. १) परिच्छेद दोनमध्ये ड्रॅगनची लांबी चाळीस हात, परिच्छेद नऊमध्ये साठ हात दर्शविली आहे. तफावतीबाबत खुलासा व्हावा. २) राजवाडा नदीच्या उत्तरेस असता सूर्योदय नदीकडून कसा होतो, हे स्पष्ट होत नाही. ३) उर्वरित मजकूर ठीक.'

एकट्या ड्रॅगननं त्याच दिवशी मंच सोडला.

ऋतुराजचा मेसेज आला. 'सर, असं नाही करायचं. आधी दोन छान गोष्टी सांगायच्या, मग हळूच एक सुधारणा.' मी चक्रावलोच. सव्वीस वर्षांत माझ्या एकाही टिपणीवर कुणी आधी दोन छान गोष्टी लिहिल्याचं मला आठवत नाही. आणि 'उर्वरित मजकूर ठीक' यापेक्षा जास्त कौतुक माणसानं काय करायचं असतं?

तरी मी पुढच्या दोघांना दोन-दोन छान गोष्टी शोधून दिल्या. एकात तर फक्त शीर्षक आणि लेखकाचं नाव छान होतं, तीच दिली. अखेर माझं पहिलं प्रकरण टाकायची परवानगी मिळाली. बारा पानं. टाकलं, आणि चाळीस सेकंदांत पहिला अभिप्राय आला: 'जबरदस्त!!' मागून आगीची चित्रं आली. सात-आठ जणांनी नुसती आगच धाडली. मला काही उमजेना. आवडलंय, का जाळून टाका म्हणतायत? आणि चाळीस सेकंदांत बारा पानं वाचणारा हा कोण माणूस? मी विचारलं, 'कोणता भाग जबरदस्त वाटला?' तर त्यानं अंगठा दाखवला.

मग ऋतुराजनं लिहिलं, 'सर, विश्वरचना कमी पडतेय. नकाशा टाका. नकाशाशिवाय राज्य खरं वाटत नाही.'

इथंच माझी बुद्धी फिरली. कविता जमत नाही, गळा बरा नाही, पण नकाशा? अरे, नकाशा माझ्याकडं मागतोस? मी रविवारी सकाळी मोठा कागद पसरला आणि दुपारी चारपर्यंत जेवायलाही उठलो नाही. प्रमाण घातलं, उत्तर दिशेचा बाण काढला, गट नंबर टाकले, हद्दीच्या खुणा, बांध, विहिरी, ओढे सगळं दाखवलं. पुढं होणाऱ्या तहात दैत्यांना द्यायचा मुलूख लाल रेघांनी भरला आणि कोपऱ्यात लिहिलं, 'दैत्यांकडे वर्ग करावयाचे क्षेत्र'. आता एक कबूल करतो. मला ओढा मनानं काढता येत नाही. ओढा म्हणजे कुठून तरी येतो, कुठं तरी जातो, त्याला उतार लागतो. मनानं काढलेला ओढा मला खोट्या सहीसारखा वाटतो. म्हणून किल्ल्याला दौलताबादचा डोंगर घेतला, आणि दैत्यांच्या हद्दीसाठी पंधरा वर्षांपूर्वी गंगापूरकडं मी स्वतः मोजलेलं एक शिवार घेतलं. नकाशा पुरा झाल्यावर हात सवयीनं खाली गेला आणि लिहून बसला: 'मोजणी करणार: सं. द. खरात.' वर सही. खाली तारीख.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

कागद मोबाईलच्या फोटोत मावेना, म्हणून तो लहान करून घ्यायला उस्मानपुऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदार सलीमभाई म्हणाला, "कित्ते कॉप्या, खरात साब? बडा काम दिखता." मी म्हटलं, "एकच. घरगुती आहे." तेवढ्यात आमच्या खालच्या मजल्यावरचे बन्सीभाऊ तिथं आधार कार्डाची झेरॉक्स काढत उभे. बन्सीभाऊ एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले, पण दुसऱ्याच्या हातातल्या कागदावर नजर टाकायची सवय सुटली नाही. त्यांनी नकाशा बघितला, सही बघितली, लाल रेघा बघितल्या, आणि एकदम आवाज खाली आणला.

"खरात साहेब, हे कधी निघणार?"

"अजून शेवट ठरायचाय," मी म्हटलं. मी कादंबरीबद्दल बोलत होतो.

"व्हय, व्हय. तुम्ही काय बोलू नका. मला समजलं," ते म्हणाले. त्यांना काय समजलं, हे मला त्या वेळी विचारायचं सुचलं नाही. मी पाठ फिरवल्यावर त्यांनी मशीनवरच्या छोट्या प्रतीचा फोटो काढून घेतला, हे सलीमभाईनं मला नंतर सांगितलं. आधी का नाही सांगितलं, तर म्हणे, "अपने को क्या करना, साब."

मी मात्र घरी येऊन नकाशा कल्पनालोकात टाकला आणि श्वास रोखून बसलो. आग आली नाही. ऋतुराज म्हणाला, 'सर, फार कोरडा झालाय. हे बघून राज्य आहे असं कुणाला खरं वाटणार नाही.' मला फार वाईट वाटलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नकाशाला कोरडा कुणी म्हणालं नव्हतं, कारण नकाशा ओला असतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

इकडं गंगापूर तालुक्यात सगळ्यांना तो खरा वाटला होता.

पुढच्या रविवारी सकाळी मी दाढीचा साबण लावून बसलो होतो, तर दारात अकरा माणसं. जीप करून आलेली. पुढं बन्सीभाऊ आणि त्यांचे गंगापूरकडचे साडू रामकिसन, धोतर, टोपी, हातात मोबाईल, मोबाईलवर माझा नकाशा. करुणानं काही न विचारता चहाचं मोठं पातेलं चढवलं. तिला वाटलं माझ्या कादंबरीचे वाचक आले. खरं सांगू, क्षणभर मलाही वाटलं.

रामकिसनरावांनी चहाला हात न लावता विचारलं, "साहेब, एकच सांगा. आमची हीर राणीत ऱ्हाती का दैत्यात जाती?"

"अहो, तो नकाशा खोटा आहे."

"खोटा? मंग सही कुणाची?"

"सही माझी."

"मंजे सही खरी." त्यांनी मागं वळून बाकीच्या दहांकडं बघितलं. दहांनी माना हलवल्या.

मी समजावलं, की ही गोष्ट आहे, मनानं रचलेली. दैत्य वगैरे काही नसतं. त्यावर मागचा एकजण म्हणाला, "आम्हाला कळतंय, साहेब. कंपनीचं नाव फोडायचं नाय म्हणून दैत्य लिवलंय." दुसरा म्हणाला, "आन् राणी मंजे वरचं कोन, ते बी कळतंय." मी म्हटलं, वरचं कुणी नाही, राणी ही राणीच आहे. तर बन्सीभाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेबांवर दबाव हाय. जास्त ताणू नका."

शेवटी वैतागून मी त्यांना अख्खी कादंबरी थोडक्यात सांगितली. पाऊण तास लागला. चहा दोनदा झाला. कुणी मध्ये उठलं नाही. बोलणाऱ्या पाण्याशी आलो तेव्हा रामकिसनराव पुढं सरकून बसले. मी संपवलं तसं ते म्हणाले, "मंग राणीनं तहावर सही केली का नाय?"

"अजून लिहिलं नाही तेवढं."

"मंजे बोलणी चालू हायत," रामकिसनराव उठून उभे राहिले. "चला रं. येळ हाय अजून. हरकत घेऊन टाकू."

आणि सोमवारी त्यांनी खरंच हरकत घेतली. आमच्या कार्यालयात सत्तेचाळीस सह्यांचा अर्ज आला: 'काळशिळा येथील राणी वज्रलाबाई यांनी आमच्या जमिनी दैत्य यांना परस्पर देऊ नयेत, व दिल्यास आमचे म्हणणे ऐकून घ्यावे.' आवक-जावकच्या मेघा मॅडमनी रोजच्या शंभर कागदांत त्यालाही शिक्का मारून नंबर दिला. तुम्हाला सरकारी कामकाज ठाऊक नसेल तर सांगतो. कागदाला एकदा आवक नंबर पडला, की तो खरा. राणी नसेल, दैत्य नसतील, पण नंबर आहे. त्याचं उत्तर गेल्याशिवाय तो मिटत नाही.

आमच्या पाथ्रीकर साहेबांनी मला आत बोलावलं. साहेब मितभाषी. टेबलावर अर्ज, अर्जाला माझ्या सहीचा नकाशा जोडलेला.

"खरात, ही राणी कोण?"

"माझीच आहे, साहेब. म्हणजे... मी लिहिलेली."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मोजणीचा आदेश नसताना मोजणी केली?"

"मोजणी केलीच नाही, साहेब. राज्यच नाही."

"मग तसं लेखी द्या. तीन दिवसांत." आणि हातात कारणे दाखवा नोटीस ठेवली. सव्वीस वर्षांत पहिली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. लोक लाच खाऊन नोटिसा घेतात, मी राणीपायी घेतली.

मी उत्तर दिलं: 'सदर राज्य अस्तित्वात नाही.' ते दुसऱ्या दिवशी परत आलं. शेरा: 'पुरावा जोडावा.' मी साहेबांकडं गेलो. म्हटलं, साहेब, जे नाही त्याचा पुरावा कुठून आणू? साहेबांनी नकाशा पुन्हा बघितला. मग म्हणाले, "नकाशा कादंबरीतला आहे म्हणता ना? मग कादंबरी जोडा. परिशिष्ट अ. दोन प्रती, पानांना नंबर, प्रत्येक पान स्वाक्षांकित."

दोन दिवस मी सह्या करत होतो. चारशे अठ्ठावीस. करुणा शेजारी बसून नंबर टाकत होती आणि म्हणत होती, "तुम्हाला गावाबाहेर कुणाशी बोलायला पाठवलं, तर तुम्ही गावच घरी आणलं." त्यातच कल्पनालोकाचा मेसेज आला. त्या आठवड्याचे तीन अभिप्राय मी दिले नव्हते, म्हणून मला मंचातून काढलं होतं. खाली एक हसरा चेहरा. हाकलून देताना हसायचं कशाला, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही. सातशे जणांत एक वाचक मिळाला नाही आणि वर नोकरीला डाग. मी करुणाला म्हटलं, "बास झालं. हे प्रकरण मिटलं की सगळी पानं रद्दीत." ती नंबर टाकत राहिली.

नस्ती, म्हणजे सगळी फाईल, वर गेली. पहिला आठवडा काहीच नाही. दुसराही तसाच. मी रोज जीव मुठीत धरून ऑफिसला जायचो. कुणी माझ्याशी नीट बोलेना. मी गेलो की मेघा मॅडम ड्रॉवर बंद करायच्या. शेजारच्या टेबलावरचे कुलकर्णी माझ्याकडं बघून मान हलवायचे. मला वाटलं, संपलं, निलंबनच होणार.

एका दुपारी आमच्या शिपाई गीताबाई चहा घेऊन आल्या आणि गेल्याच नाहीत. कमरेवर हात ठेवून उभ्या.

"साहेब, एक इचारू? त्या दाईला काहून मारलं हो तुम्ही?"

"कोणत्या दाईला?"

"राणीच्या. बिचारीनं पोरगं वाचवलं आन् तुम्ही तिलाच खंदकात ढकललं. तिचं काय चुकलं व्हतं?"

मी कप खाली ठेवला. दाई एकशे एकतिसाव्या पानावर मरते. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"मेघा मॅडम डब्याच्या सुट्टीत वाचून दाखवतेत ना रोज. समदे बसतोत आम्ही. काल ती मेली तर कुलकर्णी साहेबांनी भाजी तशीच ठेवली." आणि माझ्याकडं एक नाराज नजर टाकून त्या निघून गेल्या.

सतराव्या दिवशी नस्ती माझ्या टेबलावर आली. मी दोरी सोडली. वर टिपणीचा कागद होता, रीतसर, एकाखाली एक शेरे.

मेघा मॅडम, आवक-जावक: 'वाचले, पृ. १ ते २१४. राणीचा घोडा पृ. ६३ वर मेला आहे. तोच घोडा पृ. ८८ वर पाणी पितो. खुलासा व्हावा.'

कुलकर्णी: 'वाचले, पृ. १ ते २१४. वरील मुद्द्याशी सहमत. तसेच दैत्यांचा सरदार दोन्ही हातांनी तलवार धरतो, मात्र पृ. १९ नुसार त्यास एकच हात आहे. उर्वरित मजकूर ठीक.'

मी ते 'उर्वरित मजकूर ठीक' चार वेळा वाचलं. चष्म्यावर वाफ आली म्हणून काढून पुसला, परत वाचलं. घोडा खरंच मेला होता. अकरा वर्षांत माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

सगळ्यात खाली साहेबांचा आदेश, हिरव्या शाईत: 'राज्य काल्पनिक असल्याचे परिशिष्ट अ वरून दिसून येते. अर्जदारांना तसे कळवावे. खरात यांना ताकीद देऊन नोटीस मागे घेण्यात येत आहे. तथापि राणीने तहात काय दिले हे परिशिष्टात कोठेही नमूद नसल्याने नस्ती बंद करता येत नाही. उर्वरित भाग सात दिवसांत सादर करावा.'

त्याखाली पेन्सिलीनं, अगदी बारीक अक्षरात, साहेबांच्याच हातचं आणखी एक वाक्य होतं: 'राणीला मारू नये.'

आमच्यात पेन्सिलीचा शेरा धरत नाहीत. नस्ती पुढं जाण्याआधी तो खोडायचा असतो. मेघा मॅडमनी आपलं खोडरबर माझ्यापुढं सरकवलं.

"राहू द्या, मॅडम," मी म्हटलं, आणि कोरा कागद मागितला.